तवंग गेला म्हणजे धोका टळला?

‘तेल वर तरंगतं, मासे खाली असतात. तवंग गेला की प्रश्न मिटला.’ तेलगळती झाली की नवी मुंबईतल्या वाशी-दिवाळ्याच्या खाडीकाठी हे ऐकू येतं. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ ही जहाजं धडकून तेल सांडलं, तेव्हाही अनेकांची समजूत हीच होती. ती चुकीची आहे.

मोठा मासा दूर पळू शकतो, अंडं नाही. अनेक समुद्री माशांची अंडी पृष्ठभागाजवळच तरंगतात, म्हणजे नेमकी तेलाच्या तावडीत. शिवाय तेलातली काही संयुगं पाण्यात उतरतात. त्यांतलं फेनान्थ्रीन हृदयाच्या पेशींमधली पोटॅशियम आणि कॅल्शियमची ये-जा बिघडवतं. ठोके मंदावतात, हृदयाभोवती पाणी साचतं, पिल्लाचा कणा वाकतो. यासाठी लिटरमागे काही मायक्रोग्रॅमही पुरतात; पाणी डोळ्यांना स्वच्छच दिसतं!

जी पिल्लं वाचतात, तीही सुटत नाहीत. अलास्कात १९८९ च्या ‘एक्सॉन वाल्डेझ’ या तेलवाहू जहाजाच्या गळतीनंतरच्या प्रयोगांत, अंड्यात असताना अल्प तेल लागलेले, वरून धडधाकट दिसणारे गुलाबी सामन मासे अंडी घालायला समुद्रातून कमी संख्येने परतले.

म्हणून गळतीनंतर किनाऱ्यावरचे मेलेले मासे मोजून भागणार नाही. अंडी आणि पिल्लंही तपासायलाच हवीत.