ग्रामीण दूरवैद्यक आणि इलेक्ट्रॉनिक आरोग्यनोंदी

रुग्णाच्या तक्रारी, तपासण्या, निदाने, औषधे आणि पुढच्या भेटी संगणकावर एकत्र ठेवल्या, की ती इलेक्ट्रॉनिक आरोग्यनोंद होते. ही नोंद काळाबरोबर वाढत जाते. गावातल्या रुग्णाची आणि दूरच्या डॉक्टरची गाठ पडद्यावर घालून देणाऱ्या सेवेला दूरवैद्यक किंवा टेलिमेडिसिन म्हणतात. या सेवेचा विषय निघाला की बोलणे बहुधा कॅमेरा, इंटरनेट आणि व्हिडिओ कॉल यांवरच थांबते. खरे तर ज्याला पोट दाबून पाहता येत नाही, छातीला स्टेथोस्कोप लावता येत नाही, त्या डॉक्टरचा मोठा आधार म्हणजे आधीची नोंद. पडद्यावर आजचा रुग्ण दिसतो. आजार मात्र कित्येक महिन्यांपासून चालत आलेला असतो.

गरोदरपणातला रक्तदाब घ्या. समजा, बत्तिसाव्या आठवड्यात उपकेंद्रात तो १३२/८६ भरला. धोक्याची रेषा १४०/९०. म्हणजे नुसता हा आकडा पाहिला तर घाबरण्यासारखे काही नाही. पण त्याच बाईचा बाराव्या आठवड्यातला रक्तदाब १००/६० होता आणि अठ्ठाविसाव्यातला ११८/७६, हे तिन्ही आकडे एकाखाली एक दिसले, की तालुक्याला बसलेली डॉक्टर तिला महिन्याने न बोलावता आठवड्याने बोलावते. लघवीत प्रथिने जातात का ते तपासायला सांगते, पायावर सूज आहे का, डोके दुखते का, डोळ्यांपुढे अंधारी येते का ते विचारते. पूर्वाक्षेपक (प्री-एक्लॅम्पसिया) म्हणजे गरोदरपणात झटके येण्याआधीची अवस्था वेळेत ओळखली तर आई आणि बाळ दोघांचा जीव वाचू शकतो. इथे तिची शंका आली ती तीन आकडे शेजारी मांडल्यामुळे. कॅमेरा कितीही चांगला असता तरी त्यातून ते दिसले नसते.

भारतातल्या सरकारी रचनेत सपाट भागात ५,००० आणि डोंगरी व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, तर अनुक्रमे ३०,००० आणि २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. उपकेंद्रात एमबीबीएस डॉक्टर नसतो. २०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे होऊ लागली आणि तिथे समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले सीएचओ, नेमले गेले. मोहालीच्या सी-डॅक संस्थेने विकसित केलेली ई-संजीवनी ही केंद्र सरकारची सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली, तेव्हा या केंद्रांना दूरच्या डॉक्टरशी जोडणारा मार्ग मिळाला. घरबसल्या सल्ला घेण्याची तिची दुसरी शाखा टाळेबंदीत, एप्रिल २०२० मध्ये उघडली. फेब्रुवारी २०२३ पर्यंत ई-संजीवनीवरून १० कोटी सल्ले देऊन झाले होते.

उपकेंद्रात हे काम असे चालते. रुग्ण बाकावर बसलेला असतो. सीएचओ त्याची नोंदणी करतात, तक्रार लिहितात, रक्तदाब, ताप, नाडी, साखर मोजून भरतात आणि मग डॉक्टरला कॉल लावतात. डॉक्टर नोंद वाचतो, चार प्रश्न विचारतो, एखादी गोष्ट सीएचओंना हाताने तपासून सांगायला लावतो आणि ई-प्रिस्क्रिप्शन पाठवतो. औषध तिथल्याच साठ्यातून मिळते. पुढच्या वेळी पलीकडे हाच डॉक्टर असेल याची खात्री नसते. गावच्या जुन्या डॉक्टरच्या डोक्यात घराघराचा इतिहास असायचा. इथे डॉक्टर बदलत राहतो, म्हणून तो इतिहास नोंदीतच असावा लागतो. आधीच्या डॉक्टरने कोणती गोळी का बदलली, हे एका ओळीत लिहिलेले नसेल तर नवा डॉक्टर तीच जुनी गोळी पुन्हा सुरू करू शकतो.

नोंदीला कायद्याचीही बाजू आहे. २५ मार्च २०२० रोजी निघालेल्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार डॉक्टरने प्रत्येक सल्ल्याची नोंद जपून ठेवायची असते. औषधांच्या याद्याही त्यात ठरवून दिल्या आहेत. काही औषधे पहिल्याच व्हिडिओ भेटीत देता येतात. काही मात्र पाठपुराव्याच्या भेटीतच देता येतात, म्हणजे त्याच आजारासाठी गेल्या सहा महिन्यांत त्याच डॉक्टरने रुग्णाला समोरासमोर तपासलेले असावे लागते. अमली आणि तत्सम कडक नियंत्रणातली औषधे दुरून लिहिताच येत नाहीत. आधीची भेट कधी आणि कशासाठी झाली होती, हे नोंद नसेल तर कशाच्या आधारे ठरवणार?

खेड्याच्या गरजेतून घडलेली नोंदप्रणाली म्हणून छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या गनियारीचे उदाहरण महत्त्वाचे आहे. दिल्लीच्या एम्समध्ये शिकलेल्या काही डॉक्टरांनी १९९० च्या दशकात जन स्वास्थ्य सहयोग ही संस्था उभी केली आणि गनियारीत रुग्णालय, जंगलातल्या गावांत उपकेंद्रे आणि गावागावांत आरोग्य कार्यकर्त्या अशी साखळी तयार केली. तिथे थॉटवर्क्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या अभियंत्यांनी ‘बाह्मनी’ ही प्रणाली विकसित केली. तिला नाव मिळाले ते त्याच भागातल्या एका गावाचे. तिच्या मुळाशी ओपनएमआरएस ही आरोग्यनोंदींची संगणकप्रणाली आहे. मुक्त स्रोत, म्हणजे कोणालाही वापरता आणि बदलता येणारा हा पाया २००४ पासून आकाराला आला आणि केनियातल्या एल्डोरेटच्या एचआयव्ही दवाखान्यांत तो सुरुवातीच्या काळातच रुजला. प्रयोगशाळेसाठी आणि औषधसाठा व बिलांसाठी वेगळ्या मुक्त प्रणाली जोडून बाह्मनीने रुग्णालयाचे सगळे काम एका पडद्यावर आणले. ओपनएमआरएसची खुबी त्याच्या संकल्पनाकोशात, म्हणजे नोंदीत वापरायच्या प्रश्न-उत्तरांच्या यादीत आहे. सिकलसेल या तांबड्या रक्तपेशींच्या आनुवंशिक आजारासाठी वेगळा फॉर्म हवा असेल तर प्रश्न आणि उत्तरे कोशात भरून दवाखान्यातली माणसेच तो करू शकतात, प्रोग्रामरची वाट पाहावी लागत नाही. एल्डोरेटच्या दवाखान्यांत रुग्णाच्या नोंदीतून काढलेल्या सारांशावर राहिलेल्या रक्ततपासणीची आठवण छापून दिली, तेव्हा डॉक्टरांकडून ती तपासणी सांगितली जाण्याचे प्रमाण वाढले, असे अभ्यासात आढळले आहे.

सिकलसेल हा विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या आदिवासी पट्ट्यातला जुना प्रश्न. रात्री अंग मोडून येते, ताप आहे, एवढेच ऐकले तर दूरचा डॉक्टर साधी ताप-कणकण समजू शकतो. नोंदीत ‘एसएस’, म्हणजे सिकलसेलचा आजार असल्याची खूण, दिसले की विचार बदलतो. पाणी भरपूर द्यायचे, दुखणे सोसत ठेवायचे नाही, छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल तर तातडीने रुग्णालयात पाठवायचे. हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलवरचे औषध चालू असेल तर रक्तपेशींची मोजणी ठरावीक अंतराने करावी लागते आणि डोस तिच्यावर ठरतो. रक्त गावाजवळ घेतले आणि अहवाल नोंदीत आला, तर हे काम दुरून चांगले होते.

महाराष्ट्रात नोंदीची खरी परीक्षा होते ती माणसे गाव सोडतात तेव्हा. बीड, जालना आणि आसपासची ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या फडावर जातात आणि उन्हाळा लागता परततात. त्यांत गरोदर बायका असतात, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेली माणसे असतात. शिवाय पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत. सात महिन्यांच्या तपासण्या सासरच्या उपकेंद्रात आणि प्रसूती दुसऱ्याच तालुक्यात. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले, त्याचा हेतू ही तुटकी साखळी जोडण्याचा आहे. माणसाला १४ अंकी आभा क्रमांक, म्हणजे आरोग्य खात्याचा ओळख क्रमांक मिळतो. नोंद जिथे तयार झाली तिथेच राहते आणि रुग्णाने संमती दिली की दुसऱ्या दवाखान्याला ती मागवता येते. त्यासाठी सर्वांची भाषा एक हवी, म्हणून २०१३ मध्ये जाहीर आणि २०१६ मध्ये सुधारित झालेल्या राष्ट्रीय मानकांत रोगांच्या नावांसाठी स्नोमेड-सीटी आणि प्रयोगशाळेच्या तपासण्यांसाठी लॉइंक या संकेतावली, म्हणजे प्रत्येक नावाला ठरावीक संकेत देणाऱ्या याद्या, स्वीकारल्या आहेत.

उपकेंद्राच्या टेबलावर मात्र अडचणी वेगळ्याच असतात. शाळेच्या दाखल्यावर एक जून ही जन्मतारीख असलेली माणसे एकेका गावात डझनावारी सापडतात, त्यामुळे जन्मतारखेवरून माणूस ओळखता येत नाही. लग्नानंतर बाईचे नाव बदलते आणि तिच्या दोन नोंदी होतात. ओटीपी येतो तो नवऱ्याच्या मोबाइलवर आणि नवरा असतो शेतात. मेळघाटात किंवा भामरागडच्या आतल्या गावांत नेटवर्कच नसते, म्हणून नोंद आधी टॅबवर साठून रेंज मिळाल्यावर वर जाणारी व्यवस्था लागते. आणि सर्वांत जाचक म्हणजे दुहेरी काम. आरोग्यसेविकेने तीच माहिती रजिस्टरमध्ये लिहायची, पुन्हा पोर्टलवर भरायची, आजार बदलला की पोर्टलही वेगळे. दिवसभर घरभेटी करून आलेल्या बाईने रात्री आकडे भरायचे असतील तर चुका होणारच. दूरचा डॉक्टर त्याच आकड्यावर औषध लिहिणार असतो. नोंद चांगली हवी असेल तर तिला एकदाच लिहू द्यावे, आणि ते काम मानावे.

गुप्ततेचा प्रश्न शहरापेक्षा गावात जास्त टोकदार आहे, कारण उपकेंद्राच्या एकाच खोलीत बसलेले सगळे एकमेकांना ओळखतात. क्षय, एचआयव्ही किंवा सिकलसेलचे निदान मोठ्याने वाचले गेले तर एखाद्या मुलीचे लग्न मोडू शकते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमतीला कायद्याचे बळ दिले. पण नोंद उघडताना पडदा भिंतीकडे वळवणे आणि कॉलला हेडफोन लावणे हे त्या खोलीतल्या माणसानेच करायचे असते.

सल्ला संपला की ई-प्रिस्क्रिप्शन छापून रुग्णाच्या हातात देण्याची पद्धत जिथे आहे, तिथे ती टिकवावी. तो कागद जुन्या केसपेपरांबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत जातो, आणि संगणक नसलेल्या खासगी दवाखान्यात किंवा फडाजवळच्या डॉक्टरकडे रात्री-अपरात्री जावे लागले, तर तोच दाखवता येतो.