ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज

ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज, लॅबमधल्या बोलण्यात नुसतं जीएसटी (कराशी काही संबंध नाही), हे एक विकर (पेशीतली रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, म्हणजे एन्झाइम) नाही तर विकरांचं मोठं कुळ आहे आणि जिवाणू, बुरशी, झाडं, किडे, माणूस असं सगळीकडे सापडतं. त्याची ओळख बहुतेक ठिकाणी 'शरीरातलं विष काढणारं एन्झाइम' एवढ्यावरच संपते, ते खोटं नाही पण फार अपुरं आहे.

आधी मूळ काम बघू. ग्लुटाथायोन म्हणजे ग्लुटामेट, सिस्टीन आणि ग्लायसीन या तीन अमिनो आम्लांचा छोटासा रेणू, पेशीत भरपूर असतो. त्यातल्या सिस्टीनवर गंधक असतं, आणि जीएसटीच्या खाचेत ग्लुटाथायोन बसलं की त्या गंधकाचा हायड्रोजन सहज सुटतो आणि मोकळं झालेलं गंधक समोरच्या घातक रेणूला जाऊन चिकटतं. असा जोडलेला रेणू पाण्यात चांगला विरघळतो, पेशीच्या पटलातले पंप त्याला बाहेर काढतात आणि प्राण्यांत शेवटी तो मर्कॅप्च्युरिक आम्ल होऊन लघवीवाटे जातो. हे विकर पहिल्यांदा नोंदलं गेलं १९६१ साली, उंदराच्या लिव्हरमध्ये.

पॅरासिटामॉलचं उदाहरण घ्या. गोळीचा थोडा भाग लिव्हरमध्ये एनएपीक्यूआय नावाचा घातक रेणू बनतो, त्याला ग्लुटाथायोन लगेच पकडतं, काही प्रमाणात तर विकराशिवायसुद्धा. पण ओव्हरडोस झाला की ग्लुटाथायोनचा साठाच आटतो, विकर जागेवर असतं पण जोडायला काही उरत नाही आणि लिव्हरच्या पेशी मरायला लागतात, म्हणून तर दवाखान्यात एन-ॲसिटिलसिस्टीन देतात, त्यातून शरीर पुन्हा ग्लुटाथायोन तयार करतं. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात आणि मक्यात जे अफ्लाटॉक्सिन असतं त्याचंही असंच आहे, लहान माइस उंदरांकडे त्याला पकडणारं जोरकस जीएसटी असतं म्हणून ते तगतात, मोठ्या रॅट जातीच्या उंदरांना मात्र त्यापासून लिव्हरचा कॅन्सर होतो.

झाडांना लघवी नाही, ती असा माल पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे साठवणीच्या पिशवीत नेऊन कोंडतात. मक्यात ॲट्राझीन मारलं तर तण जळतं आणि मका उभा राहतो, त्याचं एक मोठं कारण म्हणजे मक्याचं जीएसटी ॲट्राझीनला ग्लुटाथायोन जोडून निकामी करतं. ज्वारीचंही तसंच. पण हेच हत्यार तणाच्या हाती लागलं की शेतकऱ्याची पंचाईत होते, युरोपातल्या गव्हाच्या शेतात ब्लॅकग्रास नावाचं गवत आहे, त्याच्यात एक जीएसटी इतकं वाढलंय की एकापेक्षा जास्त प्रकारची तणनाशकं त्याच्यावर चालत नाहीत. आणि मक्यातच ब्रॉन्झ-२ नावाचं जनुक आहे, तेही जीएसटीच, पण त्याचं काम अँथोसायनिन हा रंग रिक्तिकेत पोचवण्याचं, ते बिघडलं की दाणा जांभळा न होता तपकिरी-कांस्य दिसतो. मला हे उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं, कारण इथे विष वगैरे काही नाही, हे झाडाचं स्वतःचं रोजचं काम आहे.

किड्यांत गोष्ट डीडीटीशी येते. डासांमधलं जीएसटीई२ हे विकर डीडीटीतून एक हायड्रोजन आणि एक क्लोरीन काढतं, उरतं ते डीडीई, ज्याने डास मरत नाही, आणि या कामात ग्लुटाथायोन खर्चसुद्धा होत नाही. आफ्रिकेत बेनिनमधल्या ॲनोफिलिस फ्युनेस्टस डासांत या विकरातलं ११९ व्या जागेचं एकच अमिनो आम्ल बदललं, खाच रुंद झाली आणि डीडीटी तिच्यात नीट बसायला लागलं. मलेरियाची फवारणी फुकट जायला एवढा बदल पुरतो.

प्रत्येक वेळी भलंच होतं असं पण नाही. डायक्लोरोमिथेन हे सॉल्व्हंट आहे, थीटा वर्गाचं जीएसटी (या कुळाचे वर्ग ग्रीक अक्षरांनी ओळखतात) त्याला ग्लुटाथायोन जोडतं तेव्हा तयार होणारा रेणू डीएनएला इजा करतो, म्हणजे विकराने विष कमी नाही, वाढवलं. तीच क्रिया मिथायलोबॅक्टेरियमच्या एका जिवाणूत बघा, तो नुसत्या डायक्लोरोमिथेनवरही जगू शकतो, जीएसटी त्याचं फॉर्मल्डिहाइड करतं आणि त्यातला कार्बन त्याला अन्न म्हणून मिळतो.

माणसातही विषाशी थेट नातं नसलेली कामं आहेतच. झीटा वर्गाचं विकर टायरोसिन हे अमिनो आम्ल मोडण्याच्या साखळीतली एक पायरी सांभाळतं, सिग्मा वर्गाचं प्रोस्टाग्लँडिन डी२ हा शरीरात संदेश देणारा रेणू बनवतं, आणि लिव्हरमधली अल्फा वर्गाची प्रथिनं बिलिरुबिनसारखे रेणू नुसते धरून ठेवतात, म्हणून त्यांचं जुनं नाव लिगँडिन. याउलट जीएसटीएम१ हे जनुक युरोपीय वंशाच्या जवळपास निम्म्या लोकांत अजिबातच नसतं आणि तरी ते नीट जगतात, कारण कुळातली बाकीची भावंडं बरंचसं काम उचलतात.

सगळ्यात लांब गेलेली शाखा स्क्विड आणि ऑक्टोपसच्या डोळ्यात आहे. त्यांच्या भिंगात एस-क्रिस्टलिन नावाची प्रथिनं ठासून भरलेली असतात, ती जीएसटीपासूनच निघाली, पण बहुतेकांची विकर म्हणून ताकद जवळजवळ संपलीय, आता ती फक्त प्रकाश वाकवतात.