गेम डिझाइनच्या पदवीसाठी अर्ज कसा करायचा: पात्रता, परीक्षा आणि कागदपत्रं

बारावीच्या दिवाळीच्या सुट्टीत बहुतेक घरांत बोलणं चालतं ते बोर्डाचं आणि सीईटीचं. गेम डिझाइन शिकायचं असेल तर खरं काम त्याच्याही आधी, ऑक्टोबरात करून ठेवावं लागतं. सरकारी डिझाइन संस्थांचे अर्ज साधारण त्याच सुमारास भरून घेतात आणि निकालानंतर ‘आता बघू’ म्हणणाऱ्यांचं एक वर्ष सरळ जातं. या शिक्षणाची दारं कला, वाणिज्य, विज्ञान अशा सगळ्या शाखांच्या मुलांना उघडी आहेत, आणि तरीही जिल्ह्याच्या गावांतून फार थोडे अर्ज जातात याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून ही माहिती जरा तपशिलात देत आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. गेम डिझाइन म्हणजे खेळाचे नियम, अडचणी, बक्षिसं, पडद्यावरची मांडणी आणि खेळणाऱ्याचा अनुभव ठरवणं. कोड लिहिणं हे गेम प्रोग्रामिंगचं काम आणि पात्रं-दृश्यं रंगवणं हे गेम आर्टचं. तिन्ही कामं शेजारी बसून चालतात, पण प्रवेशाच्या वाटा वेगळ्या आहेत. ज्याला प्रोग्रामिंगच करायचं आहे त्याने संगणक अभियांत्रिकीची पदवी घेऊन गेमकडे वळणं जास्त शहाणपणाचं. इथे माहिती आहे ती डिझाइनच्या वाटेची.

बारावीनंतर: यूसीड

आयआयटी मुंबई दरवर्षी यूसीड ही परीक्षा घेते. हिच्या गुणांवर आयआयटी मुंबई, दिल्ली, गुवाहाटी, हैदराबाद, इंदूर, रुडकी आणि जबलपूरची ट्रिपल आयटीडीएम या संस्थांत चार वर्षांच्या बी.डेस.ला, म्हणजे डिझाइनच्या पदवीला प्रवेश मिळतो. सगळ्या मिळून जागा अडीचशेच्या आसपास. आयआयटी मुंबईचं पवईतलं आयडीसी स्कूल ऑफ डिझाइन १९६९ पासून चालू आहे, तिथली बी.डेस. मात्र २०१५ पासूनची.

बी.डेस.च्या पदवीवर ‘गेम डिझाइन’ असं छापलेलं नसतं. पहिली वर्षं चित्र, आकार, वस्तू बनवायचं साहित्य, माणसं आणि त्यांच्या सवयी समजून घेण्यात जातात. नंतर ऐच्छिक विषय, प्रकल्प आणि इंटर्नशिप निवडत गेमकडे वळता येतं. मला ही रचना चांगली वाटते. अठराव्या वर्षी निवडलेलं क्षेत्र पुढे बदलावंसं वाटलं, तरी हातातली पदवी वाया जात नाही.

पात्रतेचे नियम साधे आहेत, पण त्यांत एक अडकवणारी अट आहे. बारावी आदल्या वर्षी उत्तीर्ण झालेले किंवा चालू वर्षी पहिल्यांदा देणारे, एवढेच अर्ज करू शकतात. परीक्षा जास्तीत जास्त दोनदा देता येते आणि तीही लागोपाठच्या वर्षांत. म्हणजे बारावीनंतर दोन वर्षं नीटच्या तयारीत गेलेल्या मुलासाठी हा रस्ता बंद होतो. २०२६ च्या परीक्षेसाठी खुल्या, ओबीसी आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) प्रवर्गातल्या उमेदवाराचा जन्म १ ऑक्टोबर २००१ रोजी किंवा नंतरचा हवा होता. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना पाच वर्षांची सवलत. तारीख दरवर्षी एकेक वर्ष पुढे सरकते. तंत्रशिक्षण मंडळाचा तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमाही बारावीच्या बरोबरीचा धरतात. ज्या संस्थेचं नाव पसंतीक्रमात टाकाल, तिच्या स्वतःच्या जास्तीच्या अटी माहितीपुस्तिकेत वाचूनच टाका.

परीक्षा जानेवारीतल्या एका रविवारी, तीन तास, एकूण ३०० गुण. पहिला भाग संगणकावर दोन तासांचा, २०० गुणांचा. दुसरा भाग एक तासाचा, १०० गुणांचा, त्यात हाताने चित्र काढायचं असतं. पहिल्या भागात तीन प्रकारचे प्रश्न येतात. आकडा टाइप करायच्या प्रश्नांना चुकल्यास गुण कापत नाहीत. अनेक पर्याय बरोबर असू शकणाऱ्या आणि एकच पर्याय बरोबर असणाऱ्या प्रश्नांना कापतात. पहिल्या भागात ठरलेल्या मर्यादेच्या वर आलेल्यांचाच दुसरा भाग तपासला जातो, त्यामुळे ‘माझी चित्रकला उत्तम आहे’ एवढ्या भरवशावर जाऊ नका. आणि उलटही सांगतो: एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिलेली नसली तरी घाबरू नका. तिथे तपासतात निरीक्षण, प्रमाण आणि कल्पना. एसटी स्टँडवरची गर्दी, खिडकीजवळ बसलेली आजी, सायकल दुरुस्त करणारे हात असं समोर दिसणारं रोज कागदावर उतरवलं तर वर्षभरात हात बसतो.

प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते. मराठी माध्यमाच्या मुलांना इथे धास्ती वाटते, पण बरेच प्रश्न आकृत्यांचे असतात: घडी घातलेला कागद उघडला की कसा दिसेल, दातेरी चाक कुठल्या बाजूला फिरेल, ठोकळा मागून कसा दिसेल. आधीच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका परीक्षेच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. महागड्या शिकवणीच्या आधी त्या सोडवून पाहा. परीक्षा केंद्रं मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत असतात.

निकाल मार्चमध्ये लागतो आणि इथे दरवर्षी मुलं फसतात. चांगला क्रमांक आला म्हणजे प्रवेश झाला, असं नाही. निकालानंतर त्याच संकेतस्थळावर जागावाटपासाठी वेगळा अर्ज, वेगळं शुल्क आणि संस्थांचा पसंतीक्रम भरावा लागतो. तो भरला नाही तर पहिल्या शंभरात येऊनही जागा मिळत नाही. बारावीचे पेपर नुकतेच संपलेले असतात आणि घर सुट्टीच्या मूडमध्ये असतं, म्हणून ही मुदत कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा. यूसीडचे गुण त्याच वर्षापुरते चालतात.

पदवीनंतर: एनआयडी आणि सीड

‘डिजिटल गेम डिझाइन’ अशी नेमकी सरकारी पदव्युत्तर पदवी हवी असेल तर नाव घ्यायचं ते राष्ट्रीय डिझाइन संस्थेचं, म्हणजे एनआयडीचं. अहमदाबादला १९६१ साली सुरू झालेल्या या संस्थेच्या बंगळुरू केंद्रात अडीच वर्षांची ही एम.डेस. चालते. इंटरॅक्शन डिझाइनही तिथेच. गांधीनगर केंद्रात ‘टॉय अँड गेम डिझाइन’ आहे. तिथे पट, पत्ते, सोंगट्या, लाकडी खेळणी यांच्यासारख्या हातात धरून खेळायच्या गोष्टींवर भर. न्यू मीडिया डिझाइनही गांधीनगरलाच. नावं जवळजवळची असल्याने अर्जात विषय निवडताना शहर पाहून निवडा.

पदवी कोणत्याही शाखेची चालते: बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी., अभियांत्रिकी, वास्तुकला. शेवटच्या वर्षाला असलेलेही अर्ज करू शकतात. वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३० वर्षं, राखीव प्रवर्गांना आणि दिव्यांगांना सवलत. परीक्षेचं नाव डॅट. तिचा पहिला टप्पा लेखी, त्यातून निवडलेल्यांना मुख्य टप्प्यात विषयाप्रमाणे स्टुडिओ चाचणी आणि मुलाखत. अर्जात जास्तीत जास्त दोन विषय निवडता येतात. बारावीनंतरची बी.डेस.ही एनआयडीत आहे, पण तिची वयाची अट फार कडक. खुल्या प्रवर्गाला २० वर्षंच.

दुसरी वाट सीडची. यूसीडच्याच दिवशी आयआयटी मुंबई ही परीक्षा पदवीधरांसाठी घेते. हिला वयाची अट नाही, कितीही वेळा देता येते. किमान तीन वर्षांची पदवी किंवा डिप्लोमा लागतो. आपल्या राज्यातल्या जी.डी. आर्ट ही कलेची पदविका झालेल्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं: दहावीनंतर पाच वर्षांचा जी.डी. आर्ट आणि त्यावर एक वर्षाचा कामाचा अनुभव असेल तर तेही सीडला पात्र ठरतात. सीडच्या गुणांवर आयडीसीत इंटरॅक्शन डिझाइन किंवा अॅनिमेशनच्या एम.डेस.साठी अर्ज करता येतो. इथेही तोच धडा: सीड झाल्यावर प्रत्येक संस्थेकडे वेगळा अर्ज करायचा आणि तिथली चाचणी-मुलाखत द्यायची.

कागदपत्रं

फोटो, सही, दहावीचं प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका किंवा परीक्षेला बसत असल्याचं प्राचार्यांचं पत्र, ओळखपत्र. हे गोळा करणं फारसं कठीण नाही. प्राचार्यांचं पत्र माहितीपुस्तिकेत दिलेल्या नमुन्यातच घ्या. दिवाळीच्या सुट्टीत महाविद्यालयाचं कार्यालय बंद असतं, त्यामुळे सहामाही परीक्षा चालू असतानाच सही-शिक्का मिळवा.

नावाची गडबड मात्र आपल्याकडे हमखास होते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. एकीकडे वडिलांचं नाव मधे, दुसरीकडे नाही. कुठे स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. अर्जात नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे लिहा आणि आधार त्याला जुळवून घ्या. नाव मुळातच बदललेलं असेल तर राजपत्राची प्रत जोडावी लागते.

सगळ्यात जास्त अर्ज अडखळतात ते जातीच्या दाखल्यावर. आयआयटी आणि एनआयडी केंद्राच्या संस्था आहेत, म्हणून आरक्षणाची यादी आणि दाखल्याचा नमुना केंद्राचा लागतो. लोकभाषेत ‘सेंट्रलचा दाखला’. राज्याच्या महाविद्यालयांत चालणारा दाखला इथे चालेलच असं धरू नका.

विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग हे वेगळे गट केंद्राकडे नाहीत. तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या संकेतस्थळावर, महाराष्ट्राची यादी उघडून, अगदी पोटजातीच्या नोंदीसकट पाहा. धनगर, वंजारी, कुणबी यांची नोंद त्या यादीत आहे, त्यांनी ओबीसी नॉन-क्रीमी लेयरचा केंद्रीय नमुन्यातला दाखला काढावा. राज्याचा एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) दाखला केंद्राच्या संस्थांत लागू होत नाही. असा दाखला असलेल्या मराठा उमेदवाराची जात केंद्राच्या कोणत्याही राखीव यादीत नसेल आणि कुटुंब निकषांत बसत असेल, तर त्याने केंद्राच्या ईडब्ल्यूएस दाखल्यासाठी अर्ज करावा. तिथे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असणं पुरत नाही, मालमत्ताही पाहतात: पाच एकर किंवा त्याहून जास्त शेतजमीन, हजार चौरस फूट किंवा मोठं घर असेल तर दाखला मिळत नाही. कोरडवाहू पाच एकरांत काय पिकतं हे गावाकडच्या कुणालाही विचारा, पण नियम तसा आहे.

नॉन-क्रीमी लेयरलाही मर्यादा आठ लाखांचीच, पण तीन वर्षांचं उत्पन्न पाहतात. पगार आणि शेतीचं उत्पन्न त्या आठ लाखांत मिळवत नाहीत, आईवडिलांच्या नोकरीचा दर्जा मात्र पाहतात. ओबीसी आणि ईडब्ल्यूएस दाखला चालू आर्थिक वर्षातला, म्हणजे १ एप्रिलनंतरचा मागतात. नेमकी तारीख त्या वर्षाच्या पुस्तिकेत असते. अर्ज ‘आपले सरकार’ पोर्टलवर किंवा सेतू केंद्रातून करायचा. दहावीच्या निकालानंतर तहसील कचेरीत दाखल्यांसाठी झुंबड उडते, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये अर्ज देऊन मोकळं व्हावं. अर्ज देताना ‘केंद्र शासनासाठी’ हे शब्द स्वतः सांगा आणि हातात आलेला दाखला पुस्तिकेतल्या नमुन्याशी ओळीने ओळ ताडून पाहा.

पोर्टफोलिओ

पोर्टफोलिओ म्हणजे स्वतः केलेल्या कामाचा संग्रह. यूसीडला तो लागत नाही. एम.डेस.च्या मुलाखतीत मात्र तुमची ओळख त्यावरूनच होते. चकचकीत चित्रांचा ढीग नेण्यापेक्षा पूर्ण झालेला, कुणीतरी खेळू शकेल असा एक छोटा खेळ न्या. खेळ बनवायचं गोडो आणि त्रिमितीय चित्रांचं ब्लेंडर ही सॉफ्टवेअर मोफत आहेत, साध्या लॅपटॉपवर चालतात. तेही नसेल तर पुठ्ठा, फासे आणि बिया घेऊन पट मांडा. आट्यापाट्यांचे नियम घेऊन दोन जणांचा पट बनवता येईल का? मोक्षपटात शिडी आणि साप यांच्या जागा बदलल्या तर खेळणाऱ्याला काय वाटतं? असे प्रयोग वहीत तारखेसह लिहा: पहिला नियम काय होता, शेजारच्या मुलांनी खेळताना कुठे कंटाळा केला, मग काय बदललं. परीक्षक ही बदलांची साखळी शोधत असतात. गटात केलेलं काम असेल तर तुमचा वाटा कोणता ते स्पष्ट लिहा.

खासगी संस्था आणि खर्च

खासगी विद्यापीठांत गेम डिझाइनच्या पदव्या बऱ्याच सुरू झाल्या आहेत. जाहिरात पाहण्याआधी तीन प्रश्न विचारा. पदवी कोणाच्या नावाने मिळणार? यूजीसी कायद्याच्या कलम २२ नुसार पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या किंवा अभिमत विद्यापीठाला, नाहीतर संसदेच्या कायद्याने खास अधिकार दिलेल्या संस्थेलाच आहे. नुसती ‘अकादमी’ प्रमाणपत्र देऊ शकते, पदवी नाही. शिकवणाऱ्यांनी स्वतः कोणता गेम पूर्ण केला आहे? आणि गेल्या दोन तुकड्यांतल्या विद्यार्थ्यांचे खेळ प्रत्यक्ष खेळायला मिळतील का? तिसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर आगाऊ शुल्क भरू नका.

शैक्षणिक कर्जासाठी पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांतल्या विद्यार्थ्यांना तारणाशिवाय कर्ज मिळतं आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांपर्यंत असेल, तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलत आहे. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला वेगळा लागतो. तोही जातीच्या दाखल्याबरोबर एकाच फेरीत काढा. संस्था योजनेच्या यादीत आहे का ते पोर्टलवर तपासा आणि जागा मिळाल्याच्या दिवशीच बँकेत जा, कारण जागा स्वीकारण्याचे पैसे भरायला मोजके दिवस मिळतात आणि कर्ज मंजूर होईपर्यंत तेवढी रक्कम घरातून उभी करावी लागते.