हात उचलण्याआधी पाय काय करतात?

पाठीला बांधायच्या पट्ट्यांच्या जाहिराती हल्ली मोबाइलवर सारख्या दिसतात. पट्टा खांद्यांवरून घ्यायचा, पाठीमागे आवळायचा आणि रोज काही तास तसेच बसायचे, की पोक जाते, पाठदुखी थांबते आणि चारचौघांत छाप पडते, असा त्यांचा दावा असतो. काही पट्ट्यांत चुंबकही शिवलेले असतात. त्यांनी रक्ताभिसरण कसे सुधारते हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही, कारण तसे काही होतच नाही. परंतु चुंबकापेक्षा जास्त मुरलेला एक गैरसमज या जाहिरातींच्या मुळाशी आहे आणि तो ‘ताठ बस’ म्हणून दटावणाऱ्या घरच्या वडीलधाऱ्यांपासून व्यायामशाळेतील प्रशिक्षकांपर्यंत अनेकांचा असतो. शरीराची योग्य ठेवण म्हणजे एक ठरावीक आकार, तो एकदा जमला की धरून ठेवायचा, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात माणूस निश्चल असा कधी उभाच नसतो.

सरळ उभे असताना शरीराचा गुरुत्वमध्य घोट्याच्या सांध्याच्या किंचित पुढे असतो, त्यामुळे शरीर सतत पुढे पडण्याच्या बेतात असते आणि पोटरीचे स्नायू टाचेच्या जाड कंडरेमार्फत (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या पट्ट्यामार्फत) त्याला मागे ओढून धरतात. ताणलेल्या कंडरेचा ताठपणाच एवढे काम आपोआप करत असावा, अशी एक समजूत अभ्यासकांमध्येही होती. बर्मिंगहॅम विद्यापीठातील इयन लोरॅम आणि मार्टिन लेकी यांनी २००२ मध्ये घोट्याचा ताठपणा प्रत्यक्ष मोजला, तेव्हा तो तोल राखण्यासाठी लागणाऱ्या ताठपणाच्या ९० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे थोडा अपुराच भरला. उरलेली तूट मज्जासंस्था भरून काढते आणि त्यासाठी ती पोटरीला सेकंदातून दोन-तीन वेळा बारीक हिसके देत असते. यातील गंमत अशी, की शरीर पुढे झुकते तेव्हा पोटरीचा स्नायू लांब व्हावा अशी आपली अपेक्षा असते, पण तो आखूड होतो. लांब होते ती कंडरा. याचा अर्थ असा, की स्नायूची लांबी पाहून शरीर किती झुकले हे मेंदूला थेट कळणे शक्य नाही. त्याला अंदाज बांधावा लागतो.

अंदाजाचा हा भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो. उभ्याने एक हात झटकन समोर उचलला, तर क्रिया-प्रतिक्रियेच्या नियमानुसार धडाला उलट दिशेने धक्का बसतो आणि हाताचे वजन पुढे गेल्यामुळे गुरुत्वमध्यही सरकतो. तोल गेल्याचे कळून तो सावरायचा म्हटले, तर पायाकडून वर संदेश जाऊन उलट आज्ञा येईपर्यंत सुमारे एक दशांश सेकंद उलटतो आणि झटक्याच्या हालचालीत तेवढा उशीर परवडत नाही. १९६७ मध्ये मॉस्कोतील बेलेंकी, गुरफिंकेल आणि पाल्त्सेव यांनी स्नायूंतील विद्युत संदेश नोंदवले, तेव्हा असे दिसले, की हात उचलणाऱ्या खांद्याच्या स्नायूच्या आधी, सेकंदाचे काही शतांश आधी, मांडीच्या मागील स्नायू कामाला लागलेले असतात. हात अजून जागेवरच असतो आणि त्याच्यामुळे पुढे बसणार असलेल्या धक्क्याची तयारी पायात सुरू झालेली असते.

याचीच एक बहीण शोभेल अशी परीक्षा घरी करता येते. कोपर काटकोनात वाकवून तळहात वर करावा आणि त्यावर पाण्याने भरलेली लिटरभराची बाटली ठेवावी. आता दुसऱ्या कोणाला ती झटकन उचलायला सांगावे. बाटली जाताच आपला हात टुणकन वर उडतो. समोरच्याने आधी एक-दोन-तीन मोजले आणि आपण डोळे उघडे ठेवून पाहत असलो, तरी फारसा फरक पडत नाही. मग तीच बाटली आपल्याच दुसऱ्या हाताने उचलावी; खालचा हात जवळजवळ हलत नाही, कारण उचलण्याची आज्ञा एका हाताकडे जाताना दुसऱ्या हाताच्या दंडाला सैल पडण्याची आज्ञाही नेमक्या वेळी गेलेली असते. बाटली उचलली जाणार हे ‘माहीत असणे’ आणि शरीराने त्याची तयारी करणे या किती वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून दिसते. नुसत्या सूचनेने ठेवण सुधारत नाही, याचे एक कारणही येथेच सापडते.

ही पूर्वतयारी आधाराप्रमाणे बदलते. उभ्या माणसाला वरच्या अंगाशी पक्का टेकू दिला, की तीच हालचाल करताना पायांतील आगाऊ हालचाल मंदावते, असे कॉर्डो आणि नॅशनर यांनी १९८२ मध्ये दाखवले. आधार असेल तर मज्जासंस्था तेवढे काम सोडून देते. आवळलेल्या पट्ट्याबद्दल माझे मत यावरूनच बनले आहे: तो खांदे मागे ओढून धरील, पण अंदाज बांधायला शिकवणार नाही.

मग हे शिकता येते का? फ्रान्समधील मार्सेय येथे मुशनिनो आणि तिच्या सहकाऱ्यांनी नर्तक आणि नृत्य न शिकलेली माणसे यांना एक पाय बाजूला उचलायला सांगितले. न शिकलेल्यांचे सबंध शरीर, डोक्यासकट, उभ्या पायाच्या बाजूला कलले. नर्तकांनी वजन तितकेच सरकवले, पण खुब्याच्या सांध्यात उलट फिरवणूक करून धड आणि डोके उभेच ठेवले. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की तालमीने तोल राखण्याची एक निराळी रीतच घडते. जुनीच रीत अधिक ताकदीने वापरली जाते असे नव्हे. भरतनाट्यमच्या वर्गात अरैमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धे वाकलेल्या बैठकीत, महिनोन् महिने घालवावे लागतात किंवा मल्लखांबावर साध्या पकडी पुन्हा पुन्हा घोटून घेतल्या जातात, त्यामागे हेच घडत असावे, असे मानायला जागा आहे.

नेमबाजीत तर हे आणखी बारकाईने दिसते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, तेव्हा त्यांच्या ‘स्थिर हाता’चे कौतुक झाले असेल तर ते साहजिकच आहे. परंतु पिस्तूल धरलेल्या हातांचा अभ्यास मॉस्कोत १९६०च्या दशकातच झाला होता आणि त्यात असे आढळले होते, की कसलेल्या नेमबाजाचेही सांधे हलतच असतात. फक्त खांद्याची चूक मनगट उलट दिशेने भरून काढते आणि नळीचे टोक जागेवर राहते. नवशिक्याच्या हातात या दोन चुका एकमेकींना खोडत नाहीत.

येथपर्यंतचे सगळे ऐकून कोणी या शास्त्राला चमत्काराचा मुलामा देऊ लागला, तर सावध राहावे. छाती काढून दोन मिनिटे उभे राहिल्याने संप्रेरके बदलतात, हा २०१० मधील ४२ जणांवरचा गाजलेला दावा २०१५ मध्ये २०० जणांवर तपासला असता टिकला नाही, तरी व्याख्यानांतून तो अजून सांगितला जातो. पाठदुखी असणाऱ्यांमध्ये पोटाचा सर्वांत आतला स्नायू किंचित उशिरा जागा होतो, या १९९६ मधील निरीक्षणावरही ‘कोअर’, म्हणजे पोट-पाठीच्या आतल्या स्नायूंच्या, व्यायामांचा बाजार उभा राहिला. दीर्घ मुदतीत ते व्यायाम इतर साध्या व्यायामांपेक्षा सरस ठरलेले नाहीत.

उलट सावकाश, हालचालींच्या सवयीवर बेतलेल्या शिक्षणाला बऱ्यापैकी पुरावा आहे. टास्मानियात जन्मलेल्या अलेक्झांडर या नटाने रंगमंचावर आवाज बसू लागल्यावर आरशात स्वतःला न्याहाळून एक पद्धत बसवली होती. २००८ मध्ये ब्रिटनमध्ये ५७९ जुन्या पाठदुखीच्या रुग्णांवर तिची चाचणी झाली. वर्षभरानंतर नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांना चार आठवड्यांत २१ दिवस दुखत होते. या पद्धतीचे २४ धडे घेतलेल्यांना तीनच दिवस. नॉर्वेतील फुटबॉल खेळणाऱ्या १,८९२ मुलींवर त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, उडीनंतर गुडघा आत न वळू देता उतरणे, एका पायावर तोल राखणे अशा सरावाचा वॉर्म-अप केलेल्या गटातील एकूण दुखापती सुमारे एक-तृतीयांशाने कमी होत्या.

घरातल्या ज्येष्ठांसाठी हा विषय याहून निकडीचा आहे, कारण त्यांचे पडणे म्हणजे अनेकदा खुब्याचे हाड मोडणे असते. १०८ चाचण्यांच्या २०१९ मधील आढाव्यात व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटलेले दिसले आणि त्यात भरवशाचे ठरले ते तोलाला आव्हान देणारे व रोजच्या हालचालींचे व्यायाम: हात न टेकता खुर्चीवरून उठणे, स्वयंपाकाच्या ओट्याशेजारी एका पायावर उभे राहणे, पाऊल एका रेषेत टाकणे, वळणे. नुसते चालणे किंवा नुसती वजने उचलणे यांनी पडणे टळते का, याबद्दल त्या आढाव्याला खात्री देता आली नाही. सकाळच्या फेरीला रोज जाणाऱ्या आजोबांनी ती चालू ठेवावीच, पण ओट्याशेजारची पाच मिनिटे त्या फेरीतून वळती करून घेऊ नयेत.