तीन महिन्यांची शुगर

तीन महिन्यांची शुगर : एचबीएवनसी या रक्ततपासणीचं सांगली-मिरजेकडं चालणारं नाव. लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला साखर चिकटते ती पेशी मरेपर्यंत, म्हणजे साधारण 120 दिवस, सहसा सुटत नाही, म्हणून किती टक्के हिमोग्लोबिनला ती चिकटलीय त्यावरून मागची सरासरी कळते.

शोधाचं श्रेय कुणाला द्यायचं यावर एकमत नाही. ह्युइसमन आणि मेयरिंग यांनी 1958 मध्ये हिमोग्लोबिनचा हा भाग वेगळा काढला म्हणून काहीजण त्यांना मान देतात, पण त्याचा डायबिटीसशी संबंध तेहरानच्या सॅम्युअल रहबर यांनी दाखवला (त्यांचा 1968 चा लेख धरायचा की 1969 चा, हे ज्याचं त्यानं ठरवावं), आणि पेशंटच्या कामाचं बघितलं तर रहबर यांच्याकडंच माप झुकतं. डायबिटीसच्या निदानासाठी 6.5 टक्क्यांची रेघ अमेरिकन डायबिटीस असोसिएशननं 2010 मध्ये मान्य केली, जागतिक आरोग्य संघटनेनं 2011 मध्ये.

1894 च्या मिशन हॉस्पिटलपासून मिरजेला दाखवायला यायची सवय या भागाला जुनीच. जतहून नाहीतर पलीकडं अथणीहून आलेला पेशंट चार दिवस गोड बंद करून, वर उपाशीपोटी येतो, कारण फास्टिंगला ते चालून जातं, या तपासणीला मात्र उपाशी यायची गरजच नसते आणि चार दिवसांनी आकडा फारसा हलत पण नाही. एकाच सुईतनं दोन ट्यूब भरतात, करड्या टोपणाची साध्या शुगरला, जांभळ्या टोपणाची याला. रिपोर्टात 7 दिसलं की घरच्या मशीनवरच्या 180 पुढं ते किरकोळ वाटतं, खरं तर 7 टक्के म्हणजे सरासरी 154 च्या आसपास, आणि बऱ्याच रिपोर्टांत ते खाली बारीक अक्षरात छापलेलं असतं, वाचतंय कोण.

डॉक्टरांचंही सगळं बरोबर असतं असं नाही. ‘तीन महिने’ हे ढोबळच, शेवटच्या एका महिन्याचाच वाटा जवळपास निम्मा धरतात. लोह कमी असलेल्या बाईचा आकडा खोटा वाढू शकतो, सिकलसेल या रक्ताच्या आजारात किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तर भरवसा राहत नाही, तरी हिमोग्लोबिन न बघताच गोळी वाढवली जाते असं होतं. अशा वेळी फास्टिंग आणि जेवणानंतरची शुगर बघणं बरं, नाहीतर फ्रुक्टोसामीन ही दुसरी रक्ततपासणी, ती दोन-तीन आठवड्यांचं सांगते.