केळ्याच्या खोक्यातला हिशोब

लंडनच्या सुपरमार्केटात केंटच्या बागेतलं सफरचंद आणि इक्वाडोरहून आलेलं केळं शेजारी शेजारी ठेवलेलं असतं, आणि किलोमागे केळंच बहुधा स्वस्त असतं. केंट लंडनला लागूनच आहे. केळं मात्र अटलांटिक ओलांडून, बोटीत दोन-तीन आठवडे काढून आलेलं असतं. शिवाय सफरचंद शीतगृहात महिनोन्‌महिने टिकतं, केळ्याचं तसं नाही. ही स्वस्ताई थोडी विज्ञानाची कमाई आहे. बाकीची कुठून येते ते पाहायचं, तर खोक्याच्या किमतीत कोणते खर्च धरलेलेच नसतात ते शोधावं लागतं.

जगात पिकणाऱ्या केळ्यांपैकी साधारण सातवा हिस्साच परदेशी जातो. सर्वात मोठे उत्पादक भारत आणि चीन, पण त्यांचा बहुतेक माल देशातच खपतो. निर्यातीत पहिला नंबर इक्वाडोरचा. त्याच्याबरोबर ग्वाटेमाला, कोस्टा रिका, कोलंबिया आणि फिलिपिन्स हे मोठे निर्यातदार. या बाजारात जाती जवळजवळ नाहीतच. जे जातं ते कॅव्हेंडिश.

या एकाच जातीवर सगळं उभं आहे. कॅव्हेंडिशच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, म्हणून तिला बी धरत नाही. नवी लागवड मुनव्यांपासून किंवा ऊतिसंवर्धित (टिशू कल्चरच्या) रोपांपासून होते, त्यामुळे बागेतलं प्रत्येक झाड जनुकीयदृष्ट्या शेजारच्या झाडासारखंच असतं. व्यापाऱ्याला हेच हवं असतं. घड पूर्ण भरण्याआधी हिरवाच कापायचा, फण्या सुट्या करून पाण्याच्या टाकीत धुवायच्या, खोक्यात भरायच्या आणि १३ ते १४ अंश सेल्सियसला बोटीत चढवायच्या. तापमान १२ अंशांखाली गेलं की सालीतल्या पेशी इजा होऊन काळवंडतात. वर गेलं तर फळ स्वतःच एथिलीन वायू सोडू लागतं आणि वाटेतच पिकतं. पोहोचल्यावर बंद खोल्यांमध्ये बाहेरून एथिलीन सोडून त्याला जागं करतात, आणि १६-१८ अंशांच्या आसपास चार ते सात दिवसांत ते पिवळं होतं. दुकानाला मंगळवारी किती पिवळा माल हवा, हे आधीच ठरवता येतं, कारण सगळी फळं एकाच चालीने पिकतात.

हे वेळापत्रक आज नैसर्गिक वाटतं. पण कॅव्हेंडिश ही उद्योगाची पहिली पसंती नव्हती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत निर्यातीवर ग्रो मिशेल या जातीचं राज्य होतं. तिची साल जाड, अख्खा घड उचलून बोटीत टाकला तरी फारसं बिघडत नसे. मग जमिनीतून पसरणाऱ्या फ्युजेरियम बुरशीचा मर रोग आला, त्यालाच पनामा रोग म्हणतात. कंपन्यांनी अनेक वर्षं सोपा मार्ग धरला: मेलेली बाग सोडायची आणि पुढचं जंगल तोडायचं. जंगल मिळणंही महाग झालं, तेव्हा १९५० आणि ६० च्या दशकांत ग्रो मिशेल सोडून कॅव्हेंडिश आली. तिची साल नाजूक, म्हणून पुठ्ठ्याची खोकी आली आणि बागेतच धुण्या-भरण्याचे कारखाने उभे राहिले. ४० पौंडांचं, म्हणजे १८.१४ किलोचं खोकं आजही या व्यापाराचं माप आहे. भाव खोक्यावर ठरतो, उत्पादकाला रास्त मोबदल्याची हमी देणाऱ्या फेअरट्रेड या प्रमाणपत्राचा अधिभारही खोक्यामागे एक डॉलर असतो.

कंपन्यांचा इतिहास बराचसा परिचित आहे. १८९९ मध्ये युनायटेड फ्रूट ही अमेरिकी कंपनी स्थापन झाली. मध्य अमेरिकेत रेल्वे, बंदरं आणि जमिनी तिच्या हाती गेल्या. १९२८ च्या डिसेंबरात कोलंबियात सिएनागा इथे संपावरच्या तिच्या कामगारांवर सैन्याने गोळीबार केला. ग्वाटेमालाचा किस्सा मात्र हिशोबाच्या दृष्टीने फार बोलका आहे. १९५२ च्या जमीन सुधारणा कायद्याखाली राष्ट्राध्यक्ष हाकोबो आर्बेन्स यांच्या सरकारने कंपनीची पडीक जमीन घेतली आणि भरपाई म्हणून तेवढीच रक्कम देऊ केली, जेवढी किंमत कर चुकवायला सोयीची म्हणून कंपनीनेच कागदावर दाखवली होती. कंपनीला ते मान्य झालं नाही. १९५४ मध्ये सीआयएच्या पाठिंब्याने ते सरकार उलथवलं गेलं.

पुढचा मोठा झगडा वकिलांचा. युरोपीय संघाने १९९३ मध्ये आपल्या जुन्या वसाहतींच्या केळ्यांना झुकतं माप देणारी व्यवस्था आणली. लॅटिन अमेरिकी देश आणि अमेरिका तक्रार घेऊन जागतिक व्यापार संघटनेत गेले. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर केळं नावापुरतंच पिकतं, पण कंपन्या तिच्या होत्या. १९९९ मध्ये तिने युरोपच्या हँडबॅगा, चादरी आणि कॉफी बनवण्याच्या यंत्रांवर जबर आयातशुल्क लावलं. तह २००९ च्या शेवटी झाला.

आता सत्ता कोणाकडे आहे? मला वाटतं, केळ्याच्या व्यापारावर टीका करताना बरेच जण अजून जुन्याच खलनायकाला, म्हणजे फळकंपन्यांना, दगड मारतात. १९८० च्या दशकात तीन बड्या कंपन्यांकडे जागतिक निर्यातीचा सुमारे दोन तृतीयांश हिस्सा होता. २०१३ पर्यंत त्या तिन्ही मिळूनही तो एक तृतीयांशाच्या थोडा वर उरला. भाव आता मोठ्या सुपरमार्केट साखळ्या ठरवतात. केळं प्रत्येक घरात जातं, त्याचा भाव गिऱ्हाइकाच्या लक्षात असतो, म्हणून ते स्वस्त ठेवून गर्दी खेचायची आणि नफा इतर मालावर काढायचा, असा हा खेळ आहे. दुकानांच्या या चढाओढीत भाव पडला की तो धक्का मागे मागे सरकत बागेपर्यंत येतो. इक्वाडोर सरकार दरवर्षी खोक्याचा किमान हमीभाव जाहीर करतं, पण करार नसलेल्या छोट्या बागायतदाराला मंदीच्या महिन्यांत त्याच्याही खाली माल द्यावा लागतो. घड थांबत नाही, बाग निसवली, म्हणजे केळफूल बाहेर पडलं, की कापणीची तारीखही ठरलीच.

खोक्यात न धरलेल्या खर्चांचं सर्वात स्पष्ट उदाहरण म्हणजे मार्टिनिक आणि ग्वाडलूप ही कॅरिबियनमधली फ्रेंच बेटं. तिथे १९७२ पासून केळीच्या सोंड्या भुंग्यावर क्लोरडेकोन हे कीटकनाशक वापरलं गेलं. १९७५ मध्ये अमेरिकेत ते बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांना विषबाधा झाली आणि तिथलं उत्पादन थांबलं. फ्रान्सने बंदी आणली १९९० मध्ये, आणि बेटांवरच्या बागांना १९९३ पर्यंत सूट दिली. हे रसायन मातीत जवळजवळ कुजतच नाही. तिथून ते कंदमुळांत, ओढ्यांत, किनाऱ्यावरच्या माशांत उतरलं. आज दोन्ही बेटांवरच्या ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या रक्तात ते सापडतं आणि किनाऱ्याच्या काही भागांत मासेमारी बंद आहे. केळी केव्हाच विकली गेली, पण माती अजून विषारी आहे, आणि काही ठिकाणी ती शतकानुशतके तशीच राहील.

डीबीसीपी या सूत्रकृमिनाशकाचीही (मातीतले बारीक कृमी मारणाऱ्या औषधाची) अशीच गत. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कारखान्यातले कामगार त्यामुळे वंध्य झाल्याचं उघड झालं आणि दोन वर्षांत अमेरिकेत त्याचे बहुतेक वापर बंद झाले. मध्य अमेरिकेतल्या आणि फिलिपिन्समधल्या केळी बागांतले हजारो कामगार भरपाईसाठी पुढे दशकानुदशके कोर्टात झगडत राहिले.

एकाच जातीची किंमत रोजच्या फवारणीतही मोजावी लागते. काळा सिगाटोका हा पानांवरचा करपा दमट हवेत झपाट्याने पसरतो. कोस्टा रिकासारख्या पावसाळी भागात विमानातून वर्षाला चाळीसहून अधिक वेळा बुरशीनाशक फवारलं जातं. बुरशी औषधाला सरावते, मग फेऱ्या वाढतात. विमानाखाली वस्त्या आणि शाळाही असतात.

त्यात मर रोग परतला आहे. टीआर-४ नावाचा त्याचा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो. आशियातून तो २०१३ मध्ये मोझांबिकमध्ये, २०१९ मध्ये कोलंबियात, २०२१ मध्ये पेरूत आणि २०२३ मध्ये व्हेनेझुएलात नोंदला गेला. या बुरशीचे बीजाणू मातीत दशकानुदशके जगतात, औषध नाही. बुटाला लागलेला चिखलही रोग पुढे नेतो, म्हणून बागांभोवती कुंपण, चाकांसाठी निर्जंतुकीकरणाचे हौद आणि पाहुण्यांसाठी वेगळे बूट हे सगळं आलं. मोठा मळेवाला हा खर्च काढू शकतो. चार-पाच हेक्टरवाल्याने तो कुठून काढायचा, याची सोय खोक्याच्या भावात नाही.

जात बदलावी, हे बोलायला सोपं आहे. दुसऱ्या जाती आहेत, पण त्यांची साल, पिकण्याचा वेग, तापमानाची गरज सगळं वेगळं. बोटी, पिकवणीच्या खोल्या, खोकी आणि गिऱ्हाइकाची नजर कॅव्हेंडिशच्या मापाने बेतलेली आहेत. म्हणून संशोधकांनी कॅव्हेंडिशच दुरुस्त करायला घेतली. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड तंत्रज्ञान विद्यापीठाने रानकेळीतलं एक जनुक तिच्यात घालून क्यूसीएव्ही-४ हे वाण तयार केलं. २०२४ मध्ये तिथल्या नियामकांनी त्याला लागवडीसाठी आणि खाण्यासाठी मान्यता दिली. तूर्त ते बाजारात आणायचा बेत नाही, गरज पडली तर हाताशी असावं म्हणून ठेवलं आहे. शिवाय त्यात घातलेलं जनुक मर रोगापुरतंच आहे, सिगाटोकासाठी विमान उडवावंच लागेल.