टाचेवरचा काळा डाग आणि मोबाइलवरचा फोटो

मुरबाडकडे भातशेतीत अनवाणी राबणाऱ्या बाईच्या टाचेवर काळा डाग दिसतो. आधी वाटतं, काटा मोडला असेल. मग कुरूप समजून त्यावर बिब्बा घातला जातो. सहा महिन्यांनी गावातले डॉक्टर फोटो काढून ठाण्यातल्या त्वचारोगतज्ज्ञाला पाठवतात. एसटीने कल्याण, तिथून लोकलने ठाणे आणि दिवसाची मजुरी बुडणार, हे सगळं एका फोटोने वाचत असेल तर गावच्या डॉक्टरांना तो मोठा आधार वाटतो. हा डाग मेलानोमाचा, म्हणजे त्वचेच्या घातक कर्करोगाचा तर नाही ना, याचं उत्तर देताना पलीकडचे तज्ज्ञ मात्र बिचकतात. त्यांचं बिचकणं मला योग्य वाटतं.

फोटोला हात लावता येत नाही. डाग कडक आहे का, खालच्या मांसाला चिकटलाय का, हे बोटांनाच कळतं. मोबाइल त्वचा गुळगुळीत करून दाखवतो, ट्यूबलाइटखाली रंग बदलतो. बिब्ब्यानेही कातडी काळी पडते, पण ते विचारल्याशिवाय कळणार कसं? शिवाय दवाखान्यात कोपरावरची चामखीळ दाखवायला आलेल्या माणसाच्या पाठीवरचा खरा घातक तीळ डॉक्टरांच्या नजरेला पडू शकतो. फोटोत फक्त रुग्णाला खटकलेलाच डाग येतो.

यावर मोठी मदत होते ती डर्मोस्कोपची. साधारण दहा पट मोठं दाखवणारं हे हातातलं भिंग त्वचेवरची चमक घालवतं आणि आतला रंग दाखवतं. तळव्यावर त्याची करामत पाहण्यासारखी असते. आपल्या तळपायाच्या रेषा म्हणजे शेतातले सरी-वरंबेच. साध्या तिळाचा रंग बहुतेकदा सरींत साचतो, मेलानोमाचा वरंब्यांवर चढतो. घामाची छिद्रं वरंब्यांवरच असतात, त्यामुळे त्या काळ्या पट्ट्यात पांढऱ्या ठिपक्यांची ओळ दिसते. जपानी डॉक्टरांनी हा फरक बारकाईने मांडला. साध्या मोबाइल फोटोत तो क्वचितच उमटतो. मोबाइलला डर्मोस्कोप जोडून काढलेल्या फोटोवर म्हणूनच तज्ज्ञांचा जास्त भरवसा असतो.

आपल्याकडे हे आणखी महत्त्वाचं. मेलानोमा भारतात विरळा, पण होतो तेव्हा तळपाय, तळहात आणि नखाखालची जागा पहिल्यांदा पाहावी लागते. तीळ तपासण्याचे 1985 पासून रूढ झालेले निकष, म्हणजे वेडावाकडा आकार, फाटकी कड, अनेक रंग, मोठा व्यास, मुख्यतः गोऱ्या कातडीच्या अनुभवातून आले. संगणकाचंही तेच. 2017 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने त्वचेच्या 1,29,450 चित्रांवर संगणकाला घातक डाग ओळखायला शिकवलं आणि तो तज्ज्ञांच्या तोडीचा ठरला. पण अशा चित्रसंग्रहांत सावळ्या कातडीची चित्रं फार कमी असतात. म्हणून ‘अ‍ॅप म्हणतंय काही नाही’ असं कोणी सांगितलं की मला धास्ती वाटते.

वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या 2018 च्या आढाव्यात, मोजक्या अभ्यासांत का होईना, तज्ज्ञांनी फोटोवरून सुमारे 95 टक्के घातक डाग ओळखले होते. आकडा चांगला आहे. पण उरलेल्या पाचांतला एक आपला रुग्ण असेल, हे डॉक्टरांच्या मनातून जात नाही. आपल्याकडच्या 25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन (दुरून वैद्यकीय सल्ला) मार्गदर्शक तत्त्वांनुसार फोटो पुरेसा नसेल तर रुग्णाला समोर बोलावण्याचा अधिकार डॉक्टरांना आहे, आणि दिलेल्या सल्ल्याची जबाबदारीही त्यांचीच. त्यामुळे ‘लगेच या’ हे उत्तर ते पटकन देतात, ‘काळजी नको’ लिहिताना हात अडतो. माझ्या मते फोटोचा खरा उपयोग त्या पहिल्या उत्तरासाठीच. निदान बायोप्सीनेच, म्हणजे डागाचा तुकडा काढून तपासूनच होतं, डागाची खोली मिलिमीटरमध्ये तिथेच मोजली जाते, आणि उपचार बऱ्याच अंशी त्या खोलीवर ठरतात. सहा महिने बिब्ब्यात गेले, तेवढ्यात डाग खोल गेलेला असू शकतो.

फोटो पाठवायचाच तर पाय धुऊन, दिवसाच्या उजेडात, एक लांबून आणि एक मोजपट्टी शेजारी ठेवून जवळून काढावा. काय काय लावलं तेही लिहावं. आणि दुसऱ्या तळपायाचाही फोटो जोडावा: सावळ्या माणसांच्या दोन्ही तळव्यांवर निरुपद्रवी काळसर ठिपके बऱ्याचदा असतात, त्यांच्या शेजारी ठेवून पाहिलं की वेगळा डाग तज्ज्ञाच्या लगेच ध्यानात येतो.